पाणी जोखताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. लेखरूप देताना किरकोळ फेरफार केले आहेत.)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी व्यक्तींची सुरेख भाषणे झाली. त्यांच्यामागून मी उभा राहावे, आणि तेही पाण्याच्या घनतेवर बोलण्यासाठी, हे पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ते रास्तच आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या नोकरीत हिशेबाच्या वहीला जो चिकटलो तो आजतागायत. आपल्या चिटणीसांनी "काहीतरी अनुभवाचे बोला" असा आग्रह धरला, तेव्हा मी माझ्या नोकरीचा जमाखर्च मांडून पाहिला. माझ्या हातून घडलेली एक मोठी चूक त्यात ठळकपणे दिसली. ती चूक पाण्याच्या एका गुणधर्माविषयी होती. म्हणून आज हा विषय.

आपल्या मराठीत 'पाणी जोखणे' असा एक वाक्प्रचार आहे. समोरच्या माणसाची योग्यता, त्याची खोली अजमावणे, असा त्याचा अर्थ. मी एका माणसाचे पाणी जोखायला गेलो आणि साफ चुकलो. कारण खरे पाणी कसे जोखावे हेच मी विसरलो होतो.

२००६ सालच्या ऑक्टोबरमध्ये माझी बदली श्रीनगरला झाली. चिनारांची पाने तांबूस होऊन गळू लागली होती. हिशेबाच्या माणसाला मात्र निसर्गाआधी फायली दिसतात. कार्यालय आणि निवासस्थाने यांच्या किरकोळ दुरुस्तीची तीन वर्षांची बिले मी काढून बसलो. प्रत्येक वर्षी जानेवारी आणि फेब्रुवारी या दोनच महिन्यांत नळ फुटल्याच्या नोंदी होत्या. त्याच इमारती, तीच उत्तरेकडची भिंत आणि दुरुस्ती करणारा माणूसही तोच. तो एक वृद्ध नळकारागीर होता. त्याला सगळे 'चाचा' म्हणत. तो रोजंदारीवर काम करी आणि कामाचे बिल मंजूर झाले की पैसे घेई.

मी नोंदवहीतील तारखा हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि माझा संशय बळावला. नळ फुटल्याच्या बहुतेक तारखांना स्वच्छ ऊन पडले होते. ज्या दिवशी कडाक्याची थंडी होती, त्या दिवशी मात्र एकही तक्रार नव्हती. थंडीने नळ फुटतात म्हणावे, तर ते उन्हाच्या दिवशी का फुटावेत? माझ्या मते हे बिंग फोडणारे प्रमाण होते. मी तीन परिच्छेदांचे टिपण लिहिले, नवीन बिले रोखून धरली, आणि पाण्याची नासाडी टाळण्यासाठी 'रात्री सर्व नळ घट्ट बंद ठेवावेत' असे एक परिपत्रकही काढले. चाचाला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, "जनाब, चिल्लई कलान येऊ द्या, मग बोलू." हे उत्तर मला उद्धटपणाचे वाटले.

'चिल्लई कलान' म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातले २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, सर्वांत कडक थंडीचे. त्यानंतर वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा' अशी उतरती भाजणी असते. त्या चाळीस दिवसांतल्या जानेवारीत लागोपाठ तीन रात्री गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली गेल्या. नळाला पाणी येईना. पण कुठे गळतीही दिसेना. चौथ्या दिवशी ऊन पडले. दुपारी बाराच्या सुमारास उत्तरेकडच्या भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली. मग दुसरी, मग तिसरी. आधीच्या कोणत्याही वर्षी एका दिवसात इतके नळ फुटल्याची नोंद नव्हती.

चाचा फेरन सावरत आला. त्याने सावलीतला एक नळ कापला आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. आत बर्फाची कांडी घट्ट बसली होती आणि नळाच्या अंगावर उभी चीर गेली होती. तो शांतपणे म्हणाला, "जनाब, नळ रात्रीच फुटतो. रडतो मात्र दिवसा."

बंधुभगिनींनो, त्या क्षणी मला सातारा जिल्ह्यातली माझी शाळा आठवली. आमच्या गुरुजींनी फळ्यावर शीर्षक लिहिले होते : 'पाण्याचे असंगत आचरण'. आणि खाली प्रश्न : 'थंड प्रदेशात हिवाळ्यात नळ फुटतात. कारणे द्या.' आपल्यापैकी जे महाराष्ट्रात शिकले, त्यांना हा प्रश्न पाठ असेल. मलाही पाठ होता. मी तो परीक्षेत लिहिला होता आणि त्याचे पुरे गुण मिळवले होते. आमच्या गावात बर्फ दिसे तो जत्रेतल्या गोळेवाल्याच्या पेटीत, लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेला. थंड प्रदेश आम्ही नकाशावर पाहिलेला. पुढे तेच उत्तर फाईल होऊन माझ्या टेबलावर आले तेव्हा मला त्याची ओळख पटली नाही. मी त्यावर आक्षेप लिहिला.

आता हे आचरण नेमके काय आहे ते पाहू.

सामान्य नियम असा की, पदार्थ तापला की प्रसरण पावतो आणि थंड झाला की आकुंचन पावतो. आकुंचन झाले म्हणजे तेच वस्तुमान कमी जागेत मावते, अर्थात घनता वाढते. पाणीही बहुतांशी हाच नियम पाळते. एक हजार लिटरची टाकी घ्या. तीतील शुद्ध पाणी ३० अंश सेल्सिअसला असेल, तर त्याचे वस्तुमान सुमारे ९९५.६५ किलोग्रॅम भरेल. २० अंशांना ९९८.२, १० अंशांना ९९९.७ आणि ४ अंशांना ९९९.९७. इथवर सारे रीतसर चालले. पण चार अंशांखाली पाणी आपली चाल उलटवते. ते आणखी थंड होऊ लागले की आकुंचन पावण्याऐवजी किंचित फुगू लागते. शून्य अंशांना त्याच टाकीत ९९९.८४ किलोग्रॅम पाणी मावते. म्हणजे शून्य अंशांचे पाणी आणि आठ अंशांचे पाणी जवळजवळ सारख्याच घनतेचे असते, आणि दोहोंपेक्षा जड असते ते मधले, चार अंशांचे. काटेकोरपणे सांगायचे तर ३.९८ अंशांचे.

हा फरक किती, तर हजार लिटरमागे सुमारे १३० ग्रॅम. एखाद्या वाटीत मावेल एवढा. पण याच वाटीभर फरकावर थंड प्रदेशातील तळी जगतात, हे मी पुढे सांगणार आहे.

गोठताना मात्र हा फरक लहान राहत नाही. शून्य अंशांच्या पाण्याचे शून्य अंशांचे बर्फ झाले की घनता एकदम ९१७ किलोग्रॅमपर्यंत उतरते. हजार लिटर पाण्याचे सुमारे १०९० लिटर बर्फ होते. नव्वद लिटरची ही जास्तीची जागा बंद नळात कोठून मिळणार?

इथे शाळेतल्या उत्तरात थोडी भर घालावी लागते, आणि ती मला चाचाने शिकवली. नळ नेहमी बर्फ असेल तिथेच फुटतो असे नाही. आधी थंड भिंतीजवळ बर्फाचा दट्ट्या तयार होतो. तो वाढताना पुढचे द्रवरूप पाणी तोटीकडे ढकलतो. तोटी घट्ट बंद असेल, तर त्या कोंडलेल्या पाण्याला जायला वाट राहत नाही. दाब वाढत जातो आणि जिथे सांधा कच्चा असेल तिथे नळ दगा देतो. म्हणून तिकडचे जाणते लोक रात्री तोटी किंचित ढिली ठेवतात. थेंब थेंब पाणी वाहते आणि दाब सुटतो. बर्फ कायम असेतो तेच बूच होऊन गळती अडवते. ऊन पडून ते वितळले की मग फट बोलू लागते. माझ्या टिपणातील सगळ्यात भक्कम पुरावा, तो उन्हाचा दिवस, अशा रीतीने चाचाचाच साक्षीदार निघाला. आणि रात्री नळ घट्ट बंद ठेवण्याचे माझे परिपत्रक? त्या हिवाळ्यात अधिक नळ फुटले, त्याचे श्रेय मोठ्या अंशी त्या परिपत्रकालाच द्यावे लागेल.

मी दुसऱ्याच दिवशी टिपण मागे घेतले. मागे घेण्याचे कारणही लेखी नमूद केले, कारण आक्षेप लेखी होता. रोखलेली बिले मंजूर झाली. पण मधल्या दोन महिन्यांत चाचाने कांगडीसाठी लागणारा कोळसा उधारीवर आणला होता, हे मला नंतर त्याच्या सोबत्याकडून समजले. चिल्लई कलानमध्ये कोळसा उधार आणावा लागणे म्हणजे काय, हे त्या थंडीत राहिलेल्या माणसालाच कळेल. बिल उशिरा का होईना चुकते होते. ते दोन महिने कोणत्या लेखाशीर्षाखाली चुकते करायचे?

मी क्षमा मागितली तेव्हा चाचा फार काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मला दल सरोवरावर घेऊन गेला.

काठालगतचे पाणी गोठले होते. नावाडी वल्ह्याने बर्फ फोडत शिकाऱ्याला वाट करून देत होते. मी विचारले, वर हे असे, तर खाली मासे कसे जगतात? चाचाने एका होडीकडे बोट दाखवले. तीत लांब काठीने तळातून ओढून काढलेले नदरू, म्हणजे कमळाचे देठ, रचलेले होते. "वर हिवाळा आहे जनाब, खाली नाही," एवढेच तो म्हणाला.

त्याच्या त्या वाक्याचे शास्त्र असे. हिवाळा येऊ लागला की तळ्याचा पृष्ठभाग थंड हवेने आधी निवतो. निवलेले पाणी जड होते आणि खाली बसते. खालचे तुलनेने उबदार पाणी वर येते, तेही निवते आणि खाली जाते. या अभिसरणात वरचा प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. असे होता होता सगळे तळे चार अंशांवर येते. इथपर्यंत पाणी इतर द्रवांसारखेच वागले. पुढेही तसेच वागले असते, तर शून्य अंशांचे पाणी तळाशी बसले असते, गोठण्याची सुरुवात खालून झाली असती, आणि मासे, वनस्पती, कमळाचे कंद सारेच गोठत गेले असते. पण चार अंशांखाली निवलेले पाणी हलके होते. ते वरच राहते. तेच पुढे शून्यावर येते, गोठते, आणि बर्फ तर त्याहूनही हलके, म्हणून तेही तरंगत राहते. बर्फ उष्णतेचे मंदवाहक आहे. त्याचा थर एकदा जमला की खालच्या पाण्याची उष्णता बाहेर जायला फार वेळ लागतो. वर गोधडी पांघरावी, तसे तळे स्वतःच्याच गोठलेल्या पाण्याची गोधडी पांघरते, आणि खोल तळ्याच्या तळाशी चार अंशांचे पाणी सारा हिवाळा टिकून राहते.

एवढे मोठे कार्य हजार लिटरमागे १३० ग्रॅमच्या फरकाने साधते. उथळ तळे लवकर गोठते आणि खोल तळे उशिरा, त्याचेही कारण यातच आहे. कारण वर बर्फ धरण्यापूर्वी सगळा साठा चार अंशांपर्यंत निवावा लागतो.

हे मनुष्याला कसे कळले, तेही थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी अरुंद मानेच्या काचपात्रात पाणी थंड करून पाहिले, तेव्हा ते आधी उतरते आणि गोठण्याआधीच पुन्हा चढते, हे त्यांच्या नजरेस आले. पण शंकेला जागा होती : थंडीने काचपात्रच आकसते म्हणून पाणी चढल्यासारखे दिसत असेल. ही शंका १८०५ च्या सुमारास एडिंबरो येथील टॉमस चार्ल्स होप यांनी दूर केली. शाळेत आपण ज्याची आकृती काढली ते हेच 'होपचे उपकरण'. उंच पात्रात पाणी, वर एक तापमापक, तळाशी एक, आणि मध्यभागी सभोवती बर्फ व मीठ यांचे मिश्रण. मध्यावरचे पाणी निवू लागले की आधी खालचा तापमापक उतरतो, वरचा फारसा हलत नाही. म्हणजे निवलेले पाणी खाली जात आहे. खालचा चार अंशांवर येऊन थांबला की मग वरचा उतरू लागतो आणि शून्यापर्यंत जातो. म्हणजे आता निवलेले पाणी वर चढत आहे. पात्र आकसते की नाही, हा प्रश्नच येथे उरत नाही. आधी खाली गेलेले पाणी आता वर का जाते, एवढेच विचारायचे. पाण्यालाच साक्षीला उभे करून त्याच्याकडून जबाब घेणारा इतका साधा प्रयोग क्वचितच आढळेल.

हिशेबाच्या माणसाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धती ठरत होती, तेव्हा १७९५ च्या कायद्याने ग्रॅम म्हणजे वितळत्या बर्फाच्या तापमानाच्या एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन असे ठरले. पण १७९९ मध्ये प्रमाणभूत किलोग्रॅम सिद्ध करताना मोजमाप करणाऱ्यांनी ते तापमान सोडून सर्वाधिक घनतेचे पाणी पत्करले. त्यात शहाणपण होते. त्या तापमानाच्या आसपास घनता जवळजवळ स्थिर असते, म्हणून तापमापकात थोडी चूक झाली तरी वजनात फारशी होत नाही. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने शेर आणि मण जाऊन किलोग्रॅम आला, त्याच्या वंशवृक्षाच्या मुळाशी हे चार अंशांचे पाणी आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली असली, तरी तो पूर्वज काही पुसला जात नाही.

आता कोणी लहान मूल विचारील, पाणी असे का वागते? याचे उत्तर मी लेझीमच्या दृष्टान्ताने देतो. आपल्या गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत पन्नास मुले लेझीम खेळतात तेव्हा प्रत्येकाला हातभर अंतर ठेवावे लागते. म्हणून त्यांना मैदान मोठे लागते. खेळ मोडला आणि मुले प्रसादासाठी गोळा झाली, की तीच पन्नास मुले निम्म्या जागेत मावतात. बर्फात पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी असेच शिस्तीत उभे असतात. प्रत्येक रेणूभोवती चार शेजारी, आणि मधे बरीच मोकळी जागा. बर्फ वितळले की रचना मोडते, रेणू जवळ येतात आणि घनता वाढते. पण वितळल्यावरही ती शिस्त एकदम नाहीशी होत नाही. पाणी तापत जाते तसतशी ती आणखी ढासळते आणि रेणू आणखी जवळ येतात. त्याच वेळी उष्णतेने त्यांची धावपळही वाढते, आणि ती त्यांना दूर सारते. चार अंशांखाली पहिली क्रिया वरचढ असते, चार अंशांवर दुसरी. ऐन चार अंशांवर दोहोंचा तोल साधतो. 'असंगत' हा शब्द आपण पाण्याला लावला आहे खरा. प्रत्यक्षात पाण्याच्या वागण्यात पुरेपूर संगती आहे. ती आपल्याला उशिरा कळली, इतकेच.

चार अंशांवरची बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आपल्यापैकी अनेकांनी नैनितालचे सरोवर पाहिले आहे. ते हिवाळ्यात गोठत नाही, पण घनतेचे राज्य तिथेही आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखे बसते. समजा वर २४ अंश आणि खाली १० अंश असतील, तर फरक हजार लिटरमागे अवघा अडीच किलोग्रॅमच्या आतला. पण तेवढ्याने वारादेखील दोन्ही थर मिसळू शकत नाही. वरचा प्राणवायू खाली जात नाही. वरून पडणारी घाण तळाशी कुजते आणि असलेला प्राणवायूही संपवते. हिवाळ्यात वरचे पाणी निवून जड झाले म्हणजेच सरोवर पुन्हा ढवळले जाते. सांडपाण्याचा भार वाढल्यावर हा नैसर्गिक क्रम अपुरा पडू लागला, म्हणून २००७ पासून तिथे तळाशी हवा सोडण्याची व्यवस्था करावी लागली. दलमध्ये घनतेने जीव राखला, इथे घनतेनेच तळाचा श्वास कोंडला. गुणधर्म तोच, त्यात आपण काय ओततो यावर परिणाम अवलंबून.

समुद्राचा हिशेब पुन्हा वेगळा. पाण्यात मीठ जसजसे वाढते तसतसे सर्वाधिक घनतेचे तापमान खाली सरकते. दर किलोग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅमहून अधिक क्षार झाले की पाणी थेट गोठेपर्यंत जडच होत जाते. समुद्रात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे त्याच्या वाट्याला चार अंशांची सवलत आलेली नाही. मात्र तापले की फुगणे त्यालाही चुकत नाही. एका घागरीत हे फुगणे दिसणारही नाही. पण पृथ्वीवरचे सारे समुद्र थोडे थोडे तापले की ते मोजता येते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि १९७१ ते २०१८ या काळातील वाढीपैकी सुमारे निम्मी केवळ पाणी तापून फुगल्यामुळे झाली, असे हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी मंडळाने २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. हिमनद्या वितळतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण बर्फाचा एक कणही न वितळता समुद्र चढू शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांची गावे मालवण, रत्नागिरी, अलिबाग या किनाऱ्यावर आहेत, त्यांनी तरी ही नोंद आपल्या खात्यात लिहून ठेवावी.

बालगोपाळांसाठी दोन प्रयोग सांगतो. प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत पाऊण उंचीपर्यंत पाणी भरा, पातळीवर रेघ ओढा, ती शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात उभी ठेवा आणि सकाळी बर्फ रेघेच्या किती वर आले ते पाहा. काचेची बाटली मात्र ठेवू नका. आईचे बोलणे माझ्या नावावर जमा होईल. दुसरा प्रयोग : पेल्यात बर्फाचा खडा टाका आणि पाणी काठोकाठ भरा. खडा पाण्याच्या वर डोके काढून राहील. तो वितळल्यावर पेला सांडेल की नाही, यावर आधी घरात पैज लावा आणि मग पाहा. उत्तर मी सांगत नाही.

चाचाची आणि माझी गाठ नंतर तीन वर्षे रोज पडत राहिली. दर डिसेंबरात आम्ही दोघे मिळून उघड्या नळांना गोणपाट आणि गवत गुंडाळून घेत असू. अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद झाली. रात्री तोटी ढिली ठेवण्याविषयीचे नवे परिपत्रक मीच काढले, आणि त्याचा मसुदा चाचाला वाचून दाखवून मगच त्यावर सही केली. त्याला लिहितावाचता येत नव्हते. पाण्याविषयी मात्र त्याला जे कळत होते ते मी पाठ करूनही विसरलो होतो.

आपण सारी घर सोडून दूर आलेली माणसे. बदलीच्या गावी उतरलो की तिथल्या माणसांना आपण आपल्या गावच्या मापाने मोजू लागतो. आपल्या नियमात न बसणारे काही दिसले की ते लबाडीचे असणार, असे वाटून जाते. माझी आपणास, विशेषतः जे तरुण उद्या अधिकाराच्या खुर्चीवर बसतील त्यांना, एवढीच विनंती आहे : नियमाविरुद्ध दिसणारी गोष्ट पुढे आली तर आक्षेप लिहिण्यापूर्वी एक हिवाळा थांबा. कदाचित तो नियमच चार अंशांपर्यंतचा असेल.